फोन-इन कार्यक्रम काचेच्या अलीकडून

आमच्या रेडिओच्या पहिल्या लाइव्ह फोन-इनला, म्हणजे श्रोत्यांच्या फोनवर चालणाऱ्या कार्यक्रमाला, पहिला फोन आला तो बाविसाव्या मिनिटाला, आणि तोही चुकून. एक आजोबा होते. "गॅसची टाकी आज येणार का उद्या?" असं त्यांनी सगळ्या तालुक्यादेखत विचारलं. निवेदकाने त्याआधीच त्यांचं "आपल्या कार्यक्रमात मनःपूर्वक स्वागत" करून टाकलं होतं. त्या दिवशी फोन उचलायला वेगळं माणूसच नव्हतं. निवेदकच बोलणार, तोच मोबाइल उचलणार, आणि स्पीकर चालू करून तोच माइकसमोर धरणार. पुढच्या आठवड्यापासून स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे फोन घ्यायला मला बसवलं. त्याला आता अकरा वर्षं होतील.

आमचं केंद्र म्हणजे दुष्काळी पट्ट्यातला एक सामुदायिक रेडिओ. ताकद १०० वॅट, टॉवर ३० मीटरच्या आतला, आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत, मध्ये डोंगर आला तर तेवढाही नाही. दर गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास शेतीचा फोन-इन असतो, महिन्यातून एकदा आरोग्याचा. नवीन केंद्रं सुरू करणारी पोरं-पोरी बघायला येतात, माइक बघतात, सगळे आवाज एकत्र करणारा मिक्सर बघतात, फोटो काढतात. माझ्या टेबलावर एक मोबाइल आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो, तिकडे कुणी बघत नाही. म्हणून हे लिहितेय. फोन-इन बिघडतो तो बहुतेक वेळा फोन ऑन एअर जायच्या आधीच्या दीड मिनिटात.

दारातला फोन, घरातला फोन

मोबाइल दोन लागतात. एकाचा नंबर रेडिओवरून सांगायचा, त्याला आम्ही 'दारातला' म्हणतो. दुसरा मिक्सरला जोडलेला, तो 'घरातला', आणि त्याचा नंबर जाहीर करायचा नाही. लोक दारातल्या फोनवर येतात. मी त्यांच्याशी बोलते, चिठ्ठी लिहिते आणि सांगते, "ठेवा आता, तीन-चार मिनिटांत आमचाच फोन येईल. नंबर दुसरा असेल, पण उचला." हे शेवटचं वाक्य विसरलात तर माणूस अनोळखी नंबर बघून फोन कट करतो आणि इकडे निवेदक "हॅलो... हॅलो..." करत बसतो. घरातल्या नंबरचे शेवटचे तीन आकडे सांगून ठेवले तर आणखी बरं.

आपण उलटा फोन लावायचा याची सुरुवात पैशामुळे झाली. तेव्हा लोक मिस्ड कॉलच द्यायचे, बॅलन्स कुणाकडे असायचा! आता सगळ्यांकडे महिन्याचे पॅक आहेत, तरी मी ही पद्धत सोडलेली नाही. एक तर नंबर खरा आहे हे कळतं. शिवाय त्या तीन-चार मिनिटांत माणूस आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा गोंधळ थांबवतो, अंगणात येतो, रेंज शोधतो. आणि ज्याला नुसती गंमत करायची असते तो बहुधा परत फोन उचलतच नाही.

दोन्ही मोबाइलवर कॉल वेटिंग बंद करा. ऑन एअर फोन चालू असताना मध्येच टूं-टूं वाजलेलं सगळ्यांना ऐकू जातं. अलार्म बंद, मेसेजचा आवाज बंद. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण आमच्याकडे एकदा डाळिंबावरच्या तेल्या रोगाची चर्चा चालू असताना कुणाच्या तरी मोबाइलमधली आरती सुरू झाली होती. तज्ज्ञ सर हात जोडायच्याच बेतात होते.

जोडणी

एकच तत्त्व ध्यानात ठेवा: फोन करणाऱ्याला सगळ्यांचा आवाज गेला पाहिजे, फक्त त्याचा स्वतःचा सोडून. स्टुडिओतली माणसं याला मिक्स-मायनस म्हणतात. स्वतःचा आवाज कानात उशिराने परतला की माणूस अडखळतो, थांबतो, "हॅलो, आवाज येतोय का?" सुरू करतो. त्यात त्या बिचाऱ्याची चूक नसते.

मोठ्या केंद्रांत याला टेलिफोन हायब्रिड नावाचं यंत्र असतं. लँडलाइनच्या दोन तारांवरून जाणारा आणि येणारा आवाज एकत्रच वाहतो, ते यंत्र दोन्ही वेगळे करतं. आपल्याकडे साध्या मिक्सरवर काम भागतं, फक्त त्याला ऑक्सचं बटण हवं (हवे तेवढेच आवाज वेगळ्या तारेने बाहेर पाठवायची सोय). मोबाइलच्या हेडफोनचा आवाज मिक्सरच्या एका चॅनलमध्ये घ्या. ऑक्सचा आवाज मोबाइलच्या माइकच्या तारेत पाठवा. मग निवेदकाच्या आणि तज्ज्ञांच्या चॅनलवरचं ऑक्स वर करा, आणि फोनच्या चॅनलवरचं पूर्ण शून्यावर ठेवा. झालं मिक्स-मायनस. मिक्सरवर 'प्री' आणि 'पोस्ट' असा पर्याय असेल तर 'प्री' घ्या, म्हणजे निवेदकाचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली असला तरी फोनवरच्या माणसाला आवाज जातो.

चार कड्यांच्या पिनेची तयार जोडणी बाजारात मिळते, ती घ्या. मिक्सरमधून निघणारा आवाज मोबाइलच्या माइकच्या मानाने फार मोठा असतो, तो कमी करायची सोय त्यातच असते. आम्ही पैसे वाचवायला घरीच तार जोडली होती, तर मोबाइल थोड्या थोड्या वेळाने आपणच फोन ठेवून द्यायचा. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, की हेडफोनच्या तारेवर फोन घ्यायचं-ठेवायचं जे बटण असतं ते दाबलंय असं आमच्या जोडणीमुळे मोबाइलला वाटत होतं. ब्लूटूथने जोडू नका. त्यात आवाज किंचित मागे राहतो आणि दोघं एकमेकांच्या बोलण्यावर चढत राहतात.

कार्यक्रमाच्या वेळी मोबाइलला चार्जर लावू नका, घुंईं असा आवाज मिसळतो. दुपारीच चार्ज करून ठेवा. मोबाइल माइकच्या तारांपासून हातभर लांब ठेवा. रेंज कमी झाली की मोबाइल जुन्या टू-जीवर उतरतो आणि मग 'टिटिटिट टिटिटिट' सुरू होतं. ज्यांच्या खिशात मोबाइल आहेत त्या सगळ्यांनी ते बाहेर ठेवायचे, तज्ज्ञांनीसुद्धा. सांगायला अवघड वाटतं, मी दारावरच टोपली ठेवली आहे.

आणि दर गुरुवारी कार्यक्रमाच्या तासभर आधी घरातल्या फोनवरून कुणाला तरी लावून त्याला एक ते दहा मोजायला सांगा. "मला माझाच आवाज येतोय" म्हणाला, तर फोनच्या चॅनलवरचं ऑक्स कुणीतरी हलवलंय. आमच्याकडे झाडून घेणाऱ्या मावशींच्या फडक्याने ते दर पंधरा दिवसांनी हलतं. मी त्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे.

"रेडिओ बारीक करा"

हे वाक्य तुम्ही आयुष्यभर म्हणणार आहात, तर त्यामागचं कारण कळलेलं बरं. शेजारी रेडिओ चालू असेल तर त्यातला आवाज फोनमध्ये शिरतो, फोनमधून आमच्याकडे येतो, आमच्याकडून पुन्हा रेडिओत जातो. हे चक्र फिरत राहिलं की कुईं असा चिरका आवाज होतो. हा झाला एफएमवर ऐकणाऱ्याचा प्रकार, लगेच कळतो. मोबाइलच्या ॲपवर किंवा इंटरनेटवर ऐकणाऱ्याचं वेगळं. तिथे आवाज बराच उशिरा पोचतो, वीस-तीस सेकंदसुद्धा. कुईं होत नाही, पण माणूस आपलंच मघाचं बोलणं ऐकतो आणि गोंधळून गप्प होतो. म्हणून आता मी "रेडिओ बारीक करा" म्हणत नाही. "ज्यावर ऐकताय ते पूर्ण बंद करा, आमचं सगळं फोनमध्येच ऐकू येईल," असं म्हणते. नुसतं बारीक करा म्हटलं की लोक खरंच बारीक करतात, थोडंसं.

आणि हे दारातच सांगायचं. ऑन एअर सांगायची वेळ आली तर ती माझी चूक, निवेदकाची नाही.

चिठ्ठी

अर्ध्या तासात फोन किती होतात ते एकदा कागदावर मांडा. धून आणि प्रस्तावना दोन मिनिटं, तज्ज्ञांचं सुरुवातीचं बोलणं पाच, शेवट दोन. उरली एकवीस. एका फोनला तीन मिनिटं धरली तर सात फोन. सातच! त्यामुळे कोण जाणार आणि कोण नाही हे ठरवणं ही माझी खरी नोकरी. चांगल्या दिवशी दारात पंचवीस फोन येतात.

चिठ्ठीवर मी पाचच गोष्टी लिहिते: नाव, गाव, प्रश्न एका ओळीत, कुठून बोलतोय आणि काय म्हणून हाक मारायची. गावात खुर्द की बुद्रुक ते विचारा. निवेदकाने चुकीचं म्हटलं की फोन करणारा प्रश्न बाजूला ठेवून आधी ते दुरुस्त करतो, आणि बरोबरच आहे त्याचं. 'कुठून' म्हणजे घरातून, मोटारसायकलवरून, विहिरीवरून. गाडीवरचा असेल तर "थांबा, गाडी बाजूला लावा" म्हणायचं आणि त्याला मागे टाकायचं. शेवटचं, दादा की काका की ताई की मावशी, हे आवाजावरून मीच ठरवते. साठीच्या माणसाला निवेदकाने 'दादा' म्हटलं तर चालतं, पण चाळिशीच्या बाईला 'आजी' म्हटलं तर पुढचा फोन येत नाही. आडनाव आणि फोन नंबर निवेदकाच्या चिठ्ठीवर नसतात, ते माझ्या वहीत. चुकून वाचले जाऊ नयेत म्हणून.

प्रश्न एका ओळीत लिहायचा असेल तर आधी तो माणसाकडून काढून घ्यावा लागतो. "उसाबद्दल विचारायचंय" हा प्रश्न नाही. मी विचारते, लागण कधीची? खोडवा आहे का? नक्की काय दिसतंय? मग तो सांगतो, ऊस पिवळा पडलाय, उपटला तर सहज हातात येतो. म्हणजे मुळं खाणारी हुमणी अळी असावी असं मला आता कळतं, पण मी ते बोलत नाही. उत्तर द्यायचा मोह दारात आवरायचा. एकदा मी पुढे होऊन सांगून टाकलं, तर तो गृहस्थ ऑन एअर म्हणाला, "मला ताईंनी आत्ताच सांगितलं, आता काही विचारायचं राहिलं नाही."

नमस्काराचंही दारातच बघावं लागतं. आपल्याकडे माणूस फोनवर आला की निवेदकाला नमस्कार, तज्ज्ञांना नमस्कार, केंद्राच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना नमस्कार, श्रोत्यांना नमस्कार. चाळीस सेकंद गेलेच. मी म्हणते, "काका, तुमचा नमस्कार मी आत पोचवते, तुम्ही थेट उसावर या." ऐकतात लोक.

नेहमीचे यशस्वी कलाकार सगळ्याच केंद्रांना असतात. आमच्याकडे चौघं आहेत, नंबर लावायला कार्यक्रमाच्या आधीच बोट ठेवून बसलेले. एक जण कविता ऐकवतात. त्यांना तोडू नका, तेच तुमचे सर्वांत निष्ठावान श्रोते. वहीत तारीख लिहून ठेवा आणि प्रेमाने सांगा, "मागच्याच गुरुवारी झालात ना, आज नव्या माणसाला जाऊ द्या." महिन्यातून एकदा त्यांना जाऊ द्यायचंच.

फोनच आले नाहीत तर? काही केंद्रं आपल्याच ऑफिसातल्या माणसाला शेतकरी करून बोलायला लावतात. मला ते पटत नाही, आणि दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत आवाज ओळखू येतो हो! त्यापेक्षा आठवडाभरात व्हॉट्सॲपवर आलेले दोन-तीन आवाजी निरोप काढून ठेवा आणि "हा प्रश्न मंगळवारी आला होता" असं खरं सांगून लावा. पहिला प्रश्न ऐकू गेला की दुसऱ्याची भीड मोडते.

आकडे

जुन्या टेलिफोनवरून आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा येतो. माणूस ओळखू येतो, पण स, श, फ यांची धार वरच्या पट्ट्यात असते, ती कापली जाते. आता दोन्हीकडे फोर-जी असेल तर आवाज बराच स्वच्छ येतो, पण विहिरीवरच्या माणसाकडून ती अपेक्षा ठेवू नका.

याचा सगळ्यात मोठा फटका आकड्यांना बसतो, त्यातून आपले मराठी आकडे. एकोणसाठ की एकोणसत्तर? सत्तावीस की सदतीस? औषधाच्या मात्रेत ही चूक म्हणजे पीकच जायचं. आमचा नियम असा: तज्ज्ञ आकडा सांगतील, निवेदक तो सुटा करून म्हणेल ("सदतीस, म्हणजे तीन आणि सात"), आणि फोनवरचा माणूस तोच परत म्हणून दाखवेल. किती पाण्याला, हे प्रत्येक वेळी सांगायचं. तीन वेळा तेच ऐकून श्रोत्यांना कंटाळा येईल असं एका नव्या निवेदकाला वाटायचं. आता वाटत नाही, कारण तोच आकडा लिहून घ्यायला कागद शोधणारी माणसं घरोघर असतात.

बाईचा फोन

बाई फोन लावते, प्रश्न सांगते, मी चिठ्ठी करते आणि उलट फोन गेला की मालक उचलतात. किंवा ती बोलत असते आणि मागून कुणीतरी "असं नाही, तसं विचार" सांगत असतं. मी दारातच विचारते, "मावशी, तुम्हीच बोलणार ना?" हो म्हणाली की निवेदकाच्या चिठ्ठीवर तिच्या नावाखाली रेघ मारते. मग दुसऱ्याने उचलला तर निवेदक म्हणतो, "मावशींना द्या हो, आमचं त्यांच्याशी बोलणं ठरलंय." शेळ्यांचा, परसबागेचा, बियाणं साठवायचा विषय असेल तर आम्ही त्या गुरुवारी पहिले तीन फोन बायकांचेच घेतो. पहिला पुरुषाचा गेला की पुढे रांगच पुरुषांची लागते.

तोडायचा कधी

शिवीगाळ टाळायला मोठ्या केंद्रांत काही सेकंद उशिराने आवाज बाहेर सोडणारं यंत्र असतं. आमच्याकडे नाही. आमच्याकडे माझं बोट आहे, फोनच्या फेडरवर. फोन ऑन एअर असेपर्यंत ते तिथून उचलायचं नाही, चहा आला तरी नाही. फेडर खाली गेला की निवेदकाने "फोन तुटलेला दिसतोय" असं खोटं म्हणू नये. "हा विषय आपण इथे घेऊ शकत नाही" एवढं म्हणून पुढच्या फोनवर जावं. एक गाणं कायम लावून तयार ठेवा.

सामुदायिक रेडिओला आकाशवाणीची कार्यक्रम संहिता लागू आहे. धर्मावर किंवा जातीवर हल्ला, बदनामी, राजकीय बातमी यातलं काही चालत नाही. निवडणुकीच्या दिवसांत तर कर्जमाफीवरून बोलणं कधी पक्षावर घसरेल सांगता येत नाही, तेव्हा दारातच विचारायचं, "काका, पिकाबद्दल ना?" कुणी दुकानदाराचं नाव घेऊन बोगस बियाण्याची तक्रार करायला लागला तर नाव ऑन एअर न घेता तक्रार कुठे करायची ते निवेदकाने सांगायचं. आणि सगळं रेकॉर्ड करायचं. प्रसारित झालेला कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणं आपल्याला बंधनकारक आहे. आपला फोन रेकॉर्ड होतोय हे दारातच सांगून टाकावं.

एक प्रकारचा फोन मात्र ऑन एअर अजिबात घ्यायचा नाही. एका उन्हाळ्यात, टँकर चालू होते तेव्हा, एक माणूस दारातल्या फोनवर आला. डाळिंबाची बाग जळाल्याचं सांगत होता. आवाज अगदी शांत होता. "आता विचारायचं काही नाही, नुसतं सांगायचं होतं," म्हणाला. मी चिठ्ठी केली नाही. निवेदकाला काचेतून खूण केली की गाणं लाव आणि पुढचा फोन तुझा तूच बघ, आणि त्याच्याशी बोलत राहिले. घरात कोण आहे विचारलं. भाऊ शेजारच्या वाडीत होता. बोलणं न तोडता सहकारी मुलीकडून दुसऱ्या फोनवरून त्या भावाला लावायला सांगितलं. भाऊ पोचेपर्यंत फोन ठेवला नाही. तेव्हा माझ्याकडे कुठलाच नंबर लिहिलेला नव्हता. आता टेबलावरच्या काचेखाली तीन आहेत: मन मोकळं करायला टेली-मानस १४४१६, तातडीच्या मदतीला ११२, मुलांसाठी १०९८. असा फोन आला की फोन उचलणारीने फोन उचलणं सोडून द्यायचं, बाकी कार्यक्रम कोलमडला तरी चालेल. त्याच्याबद्दल ऑन एअर एक शब्द बोलायचा नाही, नाव न घेतासुद्धा नाही. गावात लगेच कळतं.

साडेसातनंतर

कार्यक्रम संपला की निवेदक आणि तज्ज्ञ चहाला जातात. तुम्ही जाऊ नका. उरलेल्या चिठ्ठ्या घेऊन बसा. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांना "तीन-चार मिनिटांत फोन येईल" असं तुम्ही सांगितलेलं असतं. मी एकेकाला लावते, तज्ज्ञ थांबणार असतील तर त्यांच्याशी बोलायला देते, नाहीतर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर देते. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

दारातला फोन आणखी अर्धा तास तरी चालू ठेवा. भाकऱ्या उरकल्या, जेवणं झाली, घरातला मोबाइल मोकळा झाला की बायकांचे फोन तेव्हा येतात. "ताई, संपला का कार्यक्रम?" संपला म्हणायचं, आणि वही उघडायची.